बेबी बूम : पाळणे वाढले, पण ठरवलं कुणी?

 आज आपण एका शब्दाचा इतिहास पाहू. शब्द इंग्रजी आहे, पण वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तो मराठीतही तसाच येतो : बेबी बूम.

बेबी म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. बूम म्हणजे तेजी. कांद्याचा भाव एकाएकी चढला की आपण म्हणतो, बाजारात तेजी आली. तशीच एखाद्या देशात जन्मांची तेजी येते. वर्षानुवर्षं साधारण एका गतीनं लेकरं जन्माला येत असतात. मग अचानक आकडा उसळी घेतो, काही काळ वरच राहतो आणि पुन्हा खाली येतो. त्या काळाला बेबी बूम म्हणतात.

ही तेजी मोजायची दोन मापं आहेत. पहिलं माप जन्मदर. वर्षभरात दर हजार लोकांमागे किती बाळं जन्मली, तो जन्मदर. हजार वस्तीचं एक गाव डोळ्यांसमोर आणा. तिथं वर्षाला १४ बारशी होत होती आणि पुढच्याच वर्षी २७ झाली, तर काय होईल? दवाखान्यात खाटा पुरणार नाहीत, दूध पुरणार नाही, सहा वर्षांनी शाळेत बसायला जागा पुरणार नाही. हा आकडा आम्ही मनानं धरलेला नाही. एका देशात खरोखर असं घडलं, तिकडे आपण येणारच आहोत. दुसरं माप म्हणजे प्रजनन दर. एका बाईला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, ते हा दर सांगतो.

जन्मांच्या तेजीची कारणं पुस्तकांत लिहिलेली असतात. लढाई संपली, पगार वाढले, कायदा बदलला. ती खरीच असतात. पण गटाच्या बैठकीत आम्ही बाया एकत्र बसतो तेव्हा आम्हाला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो : हे मूल व्हावं असं ठरवलं कुणी? हाच प्रश्न हातात धरून आज दोन देशांत जाऊन येऊ आणि मग आपल्या महाराष्ट्रात परत येऊ.

पहिला देश अमेरिका. बेबी बूम म्हटलं की जगात आधी तिचंच नाव निघतं. तिथं १९२९ साली मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या. लोकांनी लग्नं लांबवली, पाळणे लांबवले. मंदी सरते न सरते तोच दुसरं महायुद्ध आलं आणि लाखो तरुण घरापासून लांब गेले. १९४५ साली युद्ध संपलं. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे २८ लाख बाळं जन्मली होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, ३४ लाख. आकडा चढतच राहिला. १९५७ साली तो ४३ लाखांवर गेला. १९४६ पासून १९६४ पर्यंतच्या एकोणीस वर्षांत मिळून सुमारे साडेसात कोटी मुलं जन्मली.

लांबलेली लग्नं एकदम झाली, एवढंच कारण असतं तर ही तेजी दोन-तीन वर्षांत ओसरली असती. ती टिकली, कारण हातात पैसा होता. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी सरकारनं १९४४ साली कायदा केला. शिक्षणाचा खर्च मिळाला, घरासाठी सोपं कर्ज मिळालं. शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. मात्र कागदावर कायदा सगळ्यांसाठी असला तरी काळ्या सैनिकांना हे घरकर्ज क्वचितच मिळे, तेही लक्षात ठेवू. तरुणांना नोकरी लवकर लागू लागली, लग्नं लवकर होऊ लागली. १९५०च्या दशकात अमेरिकी मुलीचं लग्नाचं सरासरी वय विशीच्या आसपास आलं होतं.

ही झाली सुखाची बाजू. दुसरी बाजूही आहे. युद्धाच्या काळात पुरुष आघाडीवर असताना कारखाने बायकांनी चालवले होते. विमानं, जहाजं, दारूगोळा त्यांच्या हातून तयार झाला. युद्ध संपल्यावर परतलेल्या पुरुषांना कामं हवी होती, म्हणून असंख्य बायकांना चांगल्या पगाराच्या त्या कामांवरून कमी केलं गेलं. मासिकं आणि जाहिराती सांगू लागल्या की बाईचं खरं सुख चूल आणि मूल यातच आहे. ऐकल्यासारखं वाटतं ना?

त्यात गर्भनिरोधकावरची बंधनं. कनेक्टिकट नावाच्या राज्यात लग्न झालेल्या जोडप्यानंही गर्भनिरोधक वापरणं हा गुन्हा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला १९६५ साली. म्हणजे बूमची सगळी वर्षं तिथल्या बाईच्या डोक्यावर हा कायदा होता. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९६० मध्ये. तोवर जन्मांचा आकडा उतरायला लागलाच होता, गोळीमुळे तो आणखी वेगानं उतरला. १९६३ साली बेटी फ्रीडन या लेखिकेचं एक पुस्तक आलं. घर आहे, नवरा आहे, मुलं आहेत, तरी शिकलेल्या बायका आतल्या आत का कुढतात, असा प्रश्न तिनं विचारला. ते पुस्तक लाखोंनी खपलं.

तेव्हा अमेरिकेत ठरवलं कुणी? काही ठरवलं जोडप्यांनी हौसेनं, काही ठरवलं बाजारानं, काही कायद्यानं. तरीही तिथं कुठल्या सरकारनं हुकूम काढून बायकांना बाळंतपण लावलेलं नव्हतं. हुकमावर आलेली तेजी पाहायची तर आपल्याला युरोपच्या पूर्व भागात, रुमानियात जावं लागेल.

रुमानिया हा छोटा देश. १९६६ साली त्याची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ९० लाख. तिथं एकाच पक्षाची सत्ता होती आणि त्या पक्षाचा प्रमुख होता निकोलाय चाउशेस्कू. १९६५ साली तो सत्तेवर आला. त्याला देश झपाट्यानं कारखानदारीचा करायचा होता, आणि कारखान्यांना माणसं हवीत. पण रुमानियाचा जन्मदर उतरत चालला होता. १९६६ मध्ये तो होता हजारी १४.

जन्मदर कमी का होता? बायका शेतातून कारखान्यात आल्या होत्या. घरं लहान, कामाचे तास मोठे. गर्भनिरोधकं जवळजवळ मिळतच नव्हती. पण १९५७ पासून गर्भपात कायदेशीर होता आणि स्वस्तही होता. पाळणा थांबवायचा तो एकच मार्ग बायकांच्या हाती होता. त्यामुळे १९६५ साली तिथं एका जन्मामागे सुमारे चार गर्भपात होत होते. बाईच्या शरीरासाठी ही काही चांगली गोष्ट नव्हे. शहाण्या सरकारनं अशा वेळी गोळ्या, निरोध, तांबी गावोगाव पोचवली असती.

चाउशेस्कूच्या सरकारनं १ ऑक्टोबर १९६६ रोजी हुकूम काढला. त्याचा क्रमांक ७७०. गर्भपाताला बंदी. सूट कुणाला? पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला, चार मुलं असलेल्या बाईला, जिवाला धोका असेल तिला, बलात्कारासारख्या काही प्रसंगांत. बाकी कुणाला नाही. गर्भनिरोधकांची आयात आटली. घटस्फोट अवघड केला. पंचविशीच्या पुढच्या, मूल नसलेल्या माणसांवर जादा कर बसवला. मूल नसलेल्या बाईला गावात काय ऐकावं लागतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिथं ते टोमणे सरकारनं पगारातून कापून घेतले.

आता ऑक्टोबरपासून बोटं मोजा. नऊ महिन्यांनी, १९६७च्या उन्हाळ्यात, प्रसूतिगृहं भरून वाहू लागली. १९६६ मध्ये रुमानियात २ लाख ७३ हजार बाळं जन्मली होती. १९६७ मध्ये ५ लाख २७ हजार. जन्मदर १४ वरून २७ वर गेला. मघाशी सांगितलेलं हजार वस्तीचं गाव ते हेच. एका बाईमागे सरासरी मुलं १.९ होती, ती एका वर्षात ३.७ झाली.

गंमत बघा. अमेरिकेतही बूम ऐन भरात असताना, १९५७ साली, हा दर ३.७च्या जवळच होता. कागदावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. पण अमेरिकेला तिथवर पोचायला युद्धानंतरची बारा वर्षं लागली आणि रुमानियाला एक हुकूम पुरला. म्हणून आम्ही म्हणतो, नुसता आकडा पाहून बाईचं सुखदुःख कळत नाही.

या हुकमानं जन्मलेल्या मुलांना रुमानियन भाषेत नावच पडलं : देक्रेत्सेय, म्हणजे हुकमाची लेकरं. ही पिढी गर्दीतच वाढली. गर्दीची प्रसूतिगृहं, गर्दीचे वर्ग, पुढे नोकरीच्या दारातही गर्दी.

आणि सरकारला हवं होतं ते तरी साधलं का? एकदोन वर्षंच. बायकांनी वाटा शोधल्या. कुणी चोरून गोळ्या मिळवल्या, कुणी ओळखीच्या डॉक्टरकडे लपूनछपून गेली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी जिवावरचे उपाय केले. आपल्याकडे जुन्या बायका ‘पोट पाडणं’ म्हणतात, त्यातले काय काय अघोरी प्रकार असतात ते इथं सांगायला नको. हुकूम तसाच राहिला आणि जन्मदर मात्र दरवर्षी उतरत गेला. १९८३ साली तो पुन्हा हजारी १४ वर आला. जिथून निघाला तिथंच.

मग सरकारनं पकड आणखी आवळली. १९८०च्या दशकात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांची तपासणी होऊ लागली, कुणाला दिवस गेलेत ते पाहायला. दवाखान्यांवर पोलिसांची नजर असे. रक्तस्राव होत असलेली बाई आली तर तिच्यावर उपचार करायच्या आधी तिची चौकशी, कुठं गेली होतीस, कुणी केलं. आणि याच वर्षांत सरकार परदेशी कर्ज फेडायला देशातलं धान्य बाहेर विकत होतं. ब्रेड, तेल, साखर रेशनवर. दुधासाठी पहाटेपासून रांगा. कडाक्याच्या थंडीत घरं उबदार ठेवायची व्यवस्था तासन्‌तास बंद. मुलं जन्माला घाला म्हणून हुकूम करणाऱ्याला त्यांच्या वाटीत दूध घालता येत नव्हतं.

याची किंमत कुणी मोजली, त्याचाही आकडा आहे. १९६५ मध्ये रुमानियात दर लाख जन्मांमागे सुमारे ८५ माता दगावत. १९८९ साली हा आकडा १७०च्या आसपास गेला, म्हणजे दुप्पट. युरोपात इतका वाईट आकडा दुसरीकडे नव्हता. त्यातले बहुतेक मृत्यू चोरून केलेल्या गर्भपातामुळे झालेले. त्या तेवीस वर्षांत असे नऊ-दहा हजार बायकांचे जीव गेले. पुष्कळजणींच्या मागे आधीची लेकरं होती. आणि जी मुलं आईबापांना पोसता आली नाहीत ती सरकारी अनाथालयांत गेली. १९८९ साली एक लाखाहून जास्त मुलं तिथं होती. दारं उघडल्यावर जगानं त्यांचे फोटो पाहिले. हाडांचे सापळे, बोलता न येणारी, कुणी कधी उचलून न घेतलेली मुलं.

१९८९च्या डिसेंबरात तिमिशोआरा शहरात लोक रस्त्यावर उतरले. आठवडाभरात आग राजधानी बुखारेस्टला पोचली. रस्त्यावरच्या गर्दीत हुकमाची लेकरं होती. १९६७ साली जन्मलेली ती मुलं आता बावीस वर्षांची झाली होती. २५ डिसेंबरला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या. नव्या सरकारनं अगदी पहिल्या कामांत एक काम केलं : दुसऱ्याच दिवशी ७७० क्रमांकाचा हुकूम रद्द केला. एका वर्षात माता मृत्यूचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. औषधं तीच, डॉक्टर तेच. बदलला होता फक्त कायदा.

आता आपल्याकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, भारतातही बेबी बूम झाला म्हणून एवढी लोकसंख्या वाढली. तसं झालं नाही. १९५१ साली आपण ३६ कोटी होतो, २०११च्या जनगणनेत १२१ कोटी. पण स्वातंत्र्यानंतर आपल्या बायकांनी अचानक जास्त मुलं जन्माला घातली नाहीत. जन्मदर आधीपासूनच हजारी ४०च्या आसपास होता. फरक पडला तो मरणात. देवीची लस गावोगाव पोचली, हिवतापावर फवारणी आली, प्रतिजैविकं आली. पूर्वी सहा लेकरांतली दोन-तीन हाती लागत, ती आता जगू लागली. म्हणजे आपल्याकडे पाळणे वाढले नाहीत, तिरड्या कमी झाल्या. लोकसंख्येच्या नावानं बाईला दोष देणाऱ्याला हे उत्तर तोंडपाठ असू द्या.

रुमानियाशी आपला एक योगायोगाचा संबंध आहे. तिथं १९६६ साली तो हुकूम निघाला, त्याच वर्षी इथं एक समिती काम करत होती. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. आपल्याकडे तेव्हा गर्भपात गुन्हा होता आणि चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या. समितीनं डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला की कायदा सैल करा, बायका सुरक्षित दवाखान्यात येऊ द्या. त्यातून १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. एकाच वर्षात एका देशानं दार लावलं आणि दुसऱ्यानं उघडायचं ठरवलं.

पण आपली पाठ थोपटून घ्यायच्या आधी दहा वर्षं पुढं जाऊ. १९७६ साल, आणीबाणीचा काळ. रुमानियाचं सरकार म्हणत होतं मुलं झालीच पाहिजेत, आपलं सरकार म्हणू लागलं मुलं होता कामा नयेत. एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यात बहुतेक पुरुष होते. कुठं पगार अडवून, कुठं रेशनची भीती घालून, कुठं धरून नेऊन. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. १९७७च्या निवडणुकीत लोकांनी राग दाखवला. त्यानंतर कुठलंही सरकार पुरुषांच्या नसबंदीच्या वाटेला जायला कचरू लागलं आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १०० विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांची नसबंदी शंभरात एकही भरत नाही.

मैत्रिणींनो, दोन्ही हुकूम एकमेकांच्या उलटे दिसतात. एकानं म्हटलं जास्त, दुसऱ्यानं म्हटलं कमी. पण दोघांनीही विचार केला तो देशाच्या आकड्याचा. जिच्या पोटी मूल येणार, तिला कुणी विचारलं नाही. पुरुषाची नस कापताना त्यालाही विचारलं नाही.

हे सगळं आज का सांगायचं? कारण हा हिशेब संपलेला नाही. त्याच पाहणीनुसार भारतात आता एका बाईमागे सरासरी २ मुलं आहेत आणि महाराष्ट्रात १.७. आता कुणी भाषणात म्हणतं बायकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, कुणी म्हणतं दोनपेक्षा जास्त झाली तर सवलती काढा. ग्रामपंचायतीचा नियम तर आपल्या ओळखीचा आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्य होता येत नाही. मुलगा हवा म्हणून तिसऱ्या खेपेचा आग्रह घरातले धरतात आणि उभं राहायची संधी जाते सुनेची. मूल कुणी ठरवलं हे त्या अर्जात कुणी विचारत नाही.

म्हणून काही गोष्टी सगळ्यांना माहीत असाव्यात. पाळणा लांबवायला तांबी, गोळ्या, इंजेक्शन आणि निरोध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आशाताईंना विचारा. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, हे घरी सांगायला हरकत नाही. नको असलेला गर्भ असेल तर १९७१च्या कायद्याखाली, आणि २०२१ साली त्यात झालेल्या सुधारणेनुसार, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या सल्ल्यानं सुरक्षित गर्भपात होऊ शकतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्याला पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलगा की मुलगी हे तपासणं मात्र गुन्हा आहे, त्याची याच्याशी गल्लत करू नका.

गटात आपण कर्जाचा ठराव लिहितो, तेव्हा जिला हप्ते फेडायचे तिची सही असल्याशिवाय ठराव होत नाही. मुलाचा ठराव तर जन्मभराचा. रुमानियात तो तेवीस वर्षं बाईच्या सहीशिवाय चालला आणि त्याचे हप्ते बायकांनी आणि लेकरांनी फेडले. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की दहा मिनिटं ठेवा आणि एकमेकींना एवढंच विचारा : आपल्या घरात हे कोण ठरवतं?